बर्गमॉटचा पेला

फोर्तुनातानं नवऱ्याच्या दोन्ही काखांत हात घातले, पाय फरशीवर रोवले आणि जोर लावला. कोन्सोलातो खुर्चीतून वीतभर वर आला आणि परत खाली बसला.

"थांब जरा," तो म्हणाला. "पाय मागून येतायत."

"येऊ देत. मला कुठं पळून जायचंय?"

हा विनोद आता जुना झाला होता आणि दोघांनाही त्याचं हसू येत नव्हतं. तिनं कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. खिडकीखालच्या बागेतून तोडणीवाल्यांचे आवाज येत होते, मधूनच कोणीतरी शिडी ओढत होतं, आणि ताज्या तोडलेल्या बर्गमॉटचा, त्या लिंबाच्या जातीतल्या कडवट फळाचा, वास सगळ्या घरात भरला होता. बागेत तोडणी चाललीय आणि कोन्सोलातो नुचेरा स्वयंपाकघरात बसलाय, असं लग्न होऊन ती या घरात आल्यापासून कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला तो उभा राहिला. टेबलाची कड धरत धरत सिंकपर्यंत गेला आणि तिथंच टेकला.

"मांड्यांत कोणीतरी ओली वाळू भरलीय."

"थंडीचं आहे ते. संध्याकाळी तेल लावून देते."

"पेला दे."

पेला तयारच होता. रोज सकाळी फोर्तुनाता बर्गमॉट कापायची, लाकडी दाबणीवर पिळायची आणि फिकट पिवळा रस जाड काचेच्या पेल्यात भरून ठेवायची. कोन्सोलातो डावा डोळा मिटून तो एका दमात संपवत आणायचा, तोंड वाकडं करायचा आणि तळाशी उरलेल्या घोटाबरोबर दोन्ही गोळ्या गिळायचा. एक चरबीची, एक हृदयाची. रेज्जोच्या इस्पितळात त्याच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली तेव्हापासून हा क्रम होता. आधी झाडाचं, मग दुकानाचं, असं तो म्हणायचा. म्हणायला बरं वाटायचं आणि ऐकणारेही मान डोलवायचे.

त्या दुपारी तिनं त्याचं लघवीचं भांडं रिकामं करायला उचललं आणि ती जागीच थबकली. आतलं पाणी काळ्या कॉफीच्या रंगाचं होतं. तिनं भांडं धुतलं, हात धुतले, कोट चढवला आणि त्याला काही न सांगता टेकडी उतरून डॉक्टरीणबाईंचं दार वाजवलं.

पुढचे दिवस इस्पितळात गेले. हाताला सलाईन, बाटलीमागून बाटली, आणि शेजारच्या खुर्चीत बसून फोर्तुनाताची मान अवघडलेली. सोडताना तिथल्यांनी स्नायूंबद्दल काहीबाही लिहून दिलं आणि गावच्या डॉक्टरांना भेटायला सांगितलं.

डॉक्टर स्कुतेरी ही तरुण बाई होती, क्रोतोनेकडची. म्हातारे डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या जागी आली होती. म्हाताऱ्या डॉक्टरांना दर नाताळाला नुचेरांच्या घरून बर्गमॉटची पेटी जायची आणि ते स्वतः सांगायचे, प्या रे, प्या, कोलेस्टेरॉलला उत्तम. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचले, पण त्यांना काहीतरी जुळत नव्हतं. गोळीचा डोस तर लहान होता. त्यांची नजर समोर मांडीवर ठेवलेल्या फोर्तुनाताच्या हातांवर गेली. बोटं फाटली होती, नखांच्या कडा लाल झाल्या होत्या.

"तुमच्या हातांना काय झालं?"

"रसानं होतं," फोर्तुनाता म्हणाली. "हंगामात होतंच."

"कसला रस?"

"कसला म्हणजे? बर्गमॉटचा. याच्यासाठी काढते रोज."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सिन्योर नुचेरा, मी तुम्हाला विचारलं होतं, गोळ्यांखेरीज आणखी काय घेता म्हणून. इस्पितळातही विचारलं असणार."

"विचारलं की. आणखी काही घेतच नाही मी," कोन्सोलातो म्हणाला. त्याला थोडा रागच आला होता.

आणि तो खोटं बोलत नव्हता. आमच्या या किनाऱ्यावर पाणी, पाव आणि बर्गमॉट यांना कोणी 'घेणं' म्हणत नाही. श्वास घेता का, असं विचारल्यासारखंच ते.

"फळ वाईट नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उलट आहे. त्याच्या कडवटपणात नॅरिंजिन नावाचं एक द्रव्य असतं. त्याच्या सगळ्या भाऊबंदांना फ्लॅव्होनॉइड..."

"फ्लॅव्होनॉइड," कोन्सोलातोचा चेहरा उजळला. हा शब्द त्याच्या ओळखीचा होता. रस विकत न्यायला मिलानहून जो माणूस यायचा त्याच्याकडून तो शिकला होता आणि बारमध्ये गावच्या संताचं नाव घ्यावं तसा घ्यायचा.

"हो, तेच. त्यानं चरबी उतरते असं दिसलंय. पण या रसात आणखीही द्रव्यं असतात, आणि ही सगळी मिळून आतड्यातलं एक दार बंद करतात. गोळीचा बराचसा भाग शरीर त्या दारातून परस्पर काढून टाकतं. दार बंद झालं की सगळीच्या सगळी रक्तात उतरते. तुम्ही गिळत होतात एक आणि अंगात जात होत्या कितीतरी. तुमचे स्नायू विरघळायला लागले होते. लघवीचा रंग त्याचाच. मूत्रपिंडं बसली असती तर आज आपण इथं बोलत नसतो."

फोर्तुनातानं हात पदराआड लपवावेत तसे कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले.

"मग आता बंद काय करायचं?" तिनं विचारलं.

"रस. चरबीची गोळी मीच सध्या थांबवतेय, पुढं वेगळी देईन. हृदयाची मात्र एक दिवसही चुकवायची नाही, आणि तिचंही या रसाशी पटत नाही. म्हणून रस पूर्ण बंद. पाय परत येतील. वेळ लागेल, पण येतील."

कोन्सोलातोनं टोपी डोक्यावर चढवली. "माझ्या बापाला कसल्या गोळ्या नव्हत्या. नव्वदी ओलांडली त्यानं."

"ते रस प्यायचे?"

त्याच्या बापाच्या काळी हा रस कोणी पीत नव्हतं. किंमत होती ती सालीतल्या तेलाला, अत्तरवाल्यांना ते लागायचं. उरलेला रस पिंपंच्या पिंपं भरून कोरड्या नदीपात्रात ओतायचे आणि जिथं ओतला तिथं वर्षभर गवत उगवायचं नाही. पुढं अत्तरवाल्यांना कारखान्यात केलेला स्वस्त वास मिळाला, भाव पडला, आणि लोकांनी झाडं उपटून टोमॅटो लावले, काहींनी घरं बांधली. कोन्सोलातोनं उपटली नाहीत. लोक त्याला वेडा म्हणाले, सासऱ्यानंही म्हटलं. मग म्हातारपणी कधीतरी जगाला कळलं की हा फेकायचा रस हृदयाला चांगला, आणि वेड्याच्या दारात मोटारी थांबायला लागल्या. माणूस जन्मभर हट्ट करतो आणि एखाद्याचाच हट्ट खरा ठरतो. त्या माणसाला सांगायचं, आता तूच तो पिऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर गोळीची पट्टी होती, पाणी होतं, पेला नव्हता.

"पेला कुठाय?"

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. दोघांचं पटत नाही. म्हणजे एकाला घराबाहेर काढायला हवं." त्यानं पट्टी बोटानं पुढं सरकवली, टेबलाच्या पार कडेपर्यंत. "मग घरच्याला काढायचं की परक्याला?"

"कोन्सोला, मरशील."

"मरेन. पण बारमध्ये माझ्या तोंडावर कोणी म्हणणार नाही, ज्याच्या बागेचा रस तोच पीत नाही म्हणून."

"अरे, बार गेला खड्ड्यात."

"बार नाही जात खड्ड्यात. आपण जातो." तो टेबलाच्या कडेला धरून उठायला लागला, उठता आलं नाही, आणि तसाच बसून राहिला. "पेला असेल तर गोळी. पेला नाही तर गोळी नाही. झालं."

तिनं हातातलं फडकं सिंकमध्ये आपटलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली. कोंबड्यांना दाणे तिनं आधीच टाकले होते.

त्या दिवशी गोळी पट्टीतच राहिली. दुसऱ्या दिवशीही. दुपारी तो झोपला की ती दारात उभी राहून त्याची छाती वरखाली होते का ते बघायची आणि मग भांडी घासायला जायची. दिवसभर त्याला उठवायचं, बसवायचं, संडासापर्यंत न्यायचं, पाय चोळायचे. तिला स्वतःलाही सत्तरी लागली होती आणि उजवा खांदा रात्रभर ठणकायचा. ती त्याच्यावर चिडली होती. इतकी चिडली होती की एकदा चोळता चोळता तिच्या मनात आलं, मर मेल्या एकदाचा, आणि मग तिनं त्याच पायावर घाईघाईनं क्रुसाची खूण केली.

तोरिनोहून लेकीचा फोन आला. नुंत्सिया तिथं शाळेत शिकवते.

"आई, गोळी कुस्करून सुपात घाल ना त्यांच्या."

"तुझा बाप सूप पितो का? आजाऱ्याचं जेवण म्हणतो."

"मग जे पितात त्यात घाल."

"पितो तो एकच गोष्ट," फोर्तुनाता म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती स्वयंपाकघरात तशीच उभी होती. गोळी लपवायची गरज नव्हती. गोळी तो समोर घेईल. लपवायचा होता तो रस.

पन्नास वर्षं बर्गमॉटमध्ये घालवलेल्या माणसाला बर्गमॉटच्या नावाखाली दुसरं काही पाजायचं, हे एरवी तिला सुचलंही नसतं. पण मागच्या हिवाळ्यातल्या तापानंतर त्याचं नाक गेलं होतं, कसलाच वास येत नव्हता. कॉफी म्हणजे कोमट पाणी, असं तो कुरकुरायचा. तेवढ्यावर तिनं धीर केला.

उतारावरच्या बागेच्या खालच्या टप्प्यावर, पाण्याच्या हौदाला लागून लिंबाचं एक झाड होतं. लिंबाचं औषधांशी भांडण नाही, हे तिनं डॉक्टरीणबाईंना फोन करून पक्कं करून घेतलं. लिंबाचा रंग जुळत होता, आंबटपणाही बराचसा. राहिला कडवटपणा. बांधाच्या कडेला हिवाळ्यात रानचिकोरी उगवते, तिची भाजी आमच्याकडे घराघरांत होते. भाजी उकडली की उरलेलं पाणी कडूजहर असतं, बायका ते यकृताला चांगलं म्हणून पितात. तेही विचारून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालेल. पण तुम्ही हे सगळं का विचारताय?"

"असंच," फोर्तुनाता म्हणाली.

सकाळी तो उठायच्या आत तिनं लिंबं पिळली, चिकोरीचं पाणी गाळून त्यात घातलं, चाखलं, आणखी थोडं घातलं. मग खरे बर्गमॉटही कापून पिळले, कारण सालींची बादली भरलेली दिसायला हवी होती. त्यांचा रस तिनं मागच्या दारी नेऊन जिरेनियमच्या वाफ्यात ओतला. आधी हा रस टाकायचे, मग बाटलीत भरून विकायला लागले, आणि आता ती परत टाकत होती. ओतताना तिला रडू आलं. चांगला रस होता, हंगामाच्या ऐन भरातला.

मग तिनं पेला टेबलावर ठेवला. कोन्सोलातोनं तो उचलला, डावा डोळा मिटला आणि प्यायला. तोंड वाकडं केलं. मग पेला हातातच धरून तो तळाकडे बघत राहिला. बघतच राहिला. तिला वाटलं, झालं, आता पेला भिंतीवर जाणार.

"यंदा पाऊस कमी झाला," तो शेवटी म्हणाला. "फळ जरा कडक आलंय."

"हो ना," ती म्हणाली.

त्यानं गोळी तोंडात टाकली आणि उरलेल्या घोटाबरोबर गिळली. फोर्तुनातानं सिंककडे तोंड करून नळ सोडला आणि नुसतीच पाण्याखाली बोटं धरून उभी राहिली.

मग रोज तेच. एका घरात, एका टेबलाशी, रोज सकाळी नवऱ्याला फसवायचं. पापाची कबुली द्यायला ती रविवारी गेलीही, पण रांगेत पुढं मिकोची बायको उभी होती, आणि त्या बाईचे कान पाद्रीबाबांच्या कानांपेक्षा तीक्ष्ण. ती तशीच परत आली. लिंबं तोडायला हौदापर्यंत उतरायचं, चिकोरी खणायला बांधावर वाकायचं, आणि वर चढून आलं की त्याला खुर्चीतून उठवायचं. काम दुप्पट झालं होतं. पण गोळी पोटात जात होती.

नाताळ झाल्यावर एकदा मिको आला. कोन्सोलातोचा लहानपणापासूनचा दोस्त, नुंत्सियाच्या बाप्तिस्म्याला त्यानंच तिला हातावर धरलं होतं. बारमध्ये काय बोलायचं आणि काय नाही, हे तिथं तोच ठरवतो. तो आला, खुर्ची उलटी करून बसला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"लोक म्हणतायत, डॉक्टरणीनं तुझा रस तोडला."

"लोकांना कामं नाहीत. रोज सकाळी काठोकाठ भरलेला पेला पितो. विचार हिला."

मिकोनं तिच्याकडे पाहिलं.

"पितो," फोर्तुनाता म्हणाली. यात एक शब्द खोटा नव्हता.

"मग पाय का असे?"

"म्हातारपण. तुझे काय घोड्याचे आहेत?"

मिको हसला. त्याची नजर ओट्यावर गेली. सकाळचं थोडं उरलं होतं, ते फडक्याखाली झाकलेल्या मोठ्या जगमध्ये होतं. "हा तयारच आहे की. ओत गं मलाही थोडा. बघू तरी यंदाचा."

मिकोचं नाक शाबूत होतं. एक घोट, आणि संध्याकाळी अख्ख्या बारला कळलं असतं की नुचेरांच्या घरात लिंबूपाणी पितात. फोर्तुनाता उठली खरी, पण तिनं जगला हात लावला नाही.

"त्यातला नको देऊस त्याला," कोन्सोलातो म्हणाला. "तो माझा आहे. औषध कोणी उष्टं करतं का? त्याला ताजा काढून दे. आणि पैसे घे, फुकटचं याला पचत नाही."

"पिळवणूक करतो मेला," मिको म्हणाला.

ती दाबणीपाशी गेली, बर्गमॉट कापला आणि खरा रस पिळून मिकोपुढं ठेवला. वाचलो, एवढंच तिच्या डोक्यात होतं. थकलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं.

जानेवारीत त्याला भिंत धरून संडासापर्यंत एकट्याला जाता यायला लागलं. मग मागच्या दारापर्यंत. ऊन असलं की ती तिथं खुर्ची टाकायची आणि तो बागेकडे तोंड करून बसायचा, तोडणीवाल्यांना ओरडून सूचना द्यायचा, आणि ते ऐकल्यासारखं करायचे. रक्ताचा रिपोर्ट आणायला फोर्तुनाता एकटीच गेली. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहून मान हलवली, चांगलं आहे म्हणाल्या, चरबीची नवी गोळी लिहून दिली आणि विचारलं, "रस बंद ना?"

"थेंब नाही," फोर्तुनाता म्हणाली.

त्या दिवशी ती परत आली तेव्हा तो वाफ्याकडे बघत होता.

"जिरेनियमला काय झालं गं? पार करपला."

"मांजर मुततं."

"आपल्याकडे मांजर कुठाय?"

"मिकोचं येतं."

"हं." त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. "त्याला म्हणावं, अंजिराखाली जात जा. अंजिराला चालतं."

ती आत जाऊन गोळ्या कपाटात ठेवायला लागली.

फेब्रुवारी संपत आला आणि लिंबं संपली. संपली म्हणजे तिच्या हाताला येणारी संपली. शेंड्याला होती, पिवळीधमक, पण तिथपर्यंत पोचायला शिडी लागली असती, आणि तिचा उजवा खांदा आता केस विंचरायलाही वर जात नव्हता. तोडणीवाले काम संपवून गेले होते. दुकानात लिंबं मिळत होती, पण आमच्या गावात बागवाल्याची बायको लिंबं विकत घ्यायला गेली तर दुपारच्या आत चौकात तिची चर्चा सुरू होते, आणि संध्याकाळपर्यंत मिकोची बायको पिशवी घेऊन सहानुभूतीला येते.

संध्याकाळी ती हौदापाशी उभी राहिली आणि डाव्या हातानं वर काठी फेकली. काठी फांदीत अडकून बसली. तिनं एक दगड फेकला, तो हौदात पडला. मग ती हौदाच्या कठड्यावर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी दमले." ऐकायला कोणी नव्हतं. आईच्या घरी असताना, पोर लहान असताना, भाव पडला तेव्हा, कधीही तिनं हे वाक्य तोंडातून काढलं नव्हतं. काढल्यावर बरंही वाटलं नाही. उद्या त्याला सांगायचं, तिनं ठरवलं. सांगायचं की इतके दिवस तुला लिंबू आणि भाजीचं पाणी पाजलं. मग ओरडेल, पट्टी फेकेल, गोळी सोडेल. सोडू दे. तिच्याच्यानं आता होत नव्हतं. पण ते शेवटचं वाक्य मनातही पुरतं होईना. गोळी सोडली तर काय होईल हे तिला माहीत होतं.

ती बांधाला धरून वर चढली. घरी त्यानं विचारलं, "उशीर झाला?"

"चिकोरी शोधत होते."

"मिळाली?"

"नाही," ती म्हणाली, आणि त्याला जेवायला वाढलं. तीही जेवली, पण काय जेवली ते तिला आठवलं नाही.

सकाळी तिला जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. ती दचकून उठली. शेजारची जागा रिकामी होती, पांघरूण बाजूला केलेलं होतं. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते वाईटच. ती अनवाणीच स्वयंपाकघरात धावली.

कोन्सोलातो टेबलाशी बसला होता. दाराजवळ त्याचे बागेतले बूट होते, घोट्यापर्यंत ओल्या मातीनं भरलेले, आणि भिंतीला आकडीची लांब काठी टेकवून ठेवली होती. त्याच्या मनगटावर लिंबाच्या काट्यांचे ओरखडे होते, एकातून रक्त येऊन सुकलं होतं. टेबलावर टोपली होती. टोपलीत लिंबं होती, भरपूर, प्रत्येक लिंबू देठाला दोन पानं राखून कापलेलं. असं कापायची पद्धत त्याची. आणि लिंबांवर, मुळांना लाल माती चिकटलेली, रानचिकोरीची एक मोठी जुडी होती.

गॅसवर पातेलं ठेवलेलं होतं. पाणी तापायला लागलं होतं.

फोर्तुनाता दारात उभी राहिली. तिनं टोपलीकडे पाहिलं, त्याच्या बुटांकडे पाहिलं, परत टोपलीकडे पाहिलं. तिनं चिकोरीची जुडी उचलली आणि तशीच हातात धरून राहिली.

त्यानं शेजारची खुर्ची पायानं मागं सरकवली.

"बस जरा."

ती बसली. या घरात सकाळच्या वेळी ती त्या खुर्चीवर कधी बसली होती हे तिला आठवत नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"मिको येणार आहे दुपारी," कोन्सोलातो म्हणाला. "जग त्याच्यापासून लपवून ठेव. आणि चिकोरी आज जरा जास्त घाल. कालचा फिका होता."

पाणी उकळायला लागलं, तरी ती उठली नाही. टेबलाला हात न लावता तोच उठला आणि गॅस बारीक केला.